काकांच्या मशीनला दुभाषी मिळाला



या सदरात एरवी मी नव्या गोष्टींबद्दल लिहिते. नवा फोन, नवं अ‍ॅप, नवी फसवणूक. यावेळी मात्र एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगायची आहे. तो कॉम्प्युटर आमच्या काकांच्या दुकानात आहे आणि गेल्या महिन्यात त्याच्यापायी आमच्या घरात दोन आठवडे कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

काकांचं दुकान न्यू कॉटन मार्केटच्या बाजूला आहे. बोअरच्या मोटारी, पंप, पाइप आणि त्यांचे सुटे भाग. गिऱ्हाईक बहुतेक कुंदगोळ, नवलगुंद, कलघटगी भागातले शेतकरी. मोटार जळाली की माणूस धावत येतो, माल नेतो आणि पैसे पीक हातात आल्यावर देतो. म्हणजे दुकान चालतं ते उधारीवर, आणि उधारी चालते ती हिशेबावर.

हा हिशेब काकांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममध्ये आहे. १९९५ मध्ये दुकान बंद झाल्यावर संध्याकाळच्या क्लासला जाऊन ते फॉक्सप्रो शिकले. फॉक्सप्रो म्हणजे डॉसवर चालणारं, माहितीचे तक्ते सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्या काळात गावोगावच्या दुकानांत, पतसंस्थांत, गोदामांत ते असायचं. त्यात त्यांनी रोजमेळ, खतावणी, माल आणि उधारी असं सगळं बसवलं. सध्याचं मशीन १९९९ चं आहे. विंडोज ९८, चौसष्ट एमबी मेमरी, शेजारी करकर वाजणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पावती निघाली की अख्ख्या गल्लीला कळतं.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा दादानं, म्हणजे काकांच्या मुलानं, लॅपटॉप घेतला आणि बिलं त्यावर सुरू केली. उधारी आणि वसुली मात्र काकांच्याच मशीनवर राहिली. दोघं रोज रात्री बसून एकमेकांच्या नोंदी आपापल्या मशीनमध्ये हातानं भरायचे. लग्नसराईत, सणासुदीत, कोणी आजारी पडलं की हे राहून जायचं.

तसंच एकदा राहिलं. कुंदगोळकडच्या एका शेतकऱ्यानं काकांकडे १८,४०० रुपये रोख भरले, काकांनी पावतीही दिली. ती नोंद लॅपटॉपवर गेलीच नाही. दहा दिवसांनी दादाच्या लॅपटॉपवरून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर थकबाकीची आठवण गेली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ बस धरून आले, काउंटरवर पावती ठेवली आणि एवढंच म्हणाले, ‘लेक्क नोड्री.’ हिशेब बघा. चहाही न घेता गेले. त्यांचे वडील काकांच्या वडिलांकडून माल न्यायचे.

त्या रात्री दादा म्हणाला, ‘बाबा, ते मशीन आता भंगारात घाला.’ काका म्हणाले, ‘चूक मशीनची नाही. मशीनमध्ये पैसे जमा आहेत, येऊन बघ.’ दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच भांडण मिटेना. तिसऱ्या दिवशी काकूंचा मला फोन आला, ‘तू कॉम्प्युटरवाली आहेस ना? ये आणि काय ते कर. मला घरात हे नको.’

नवीन का नाही घेत?

तुम्हीही हेच विचाराल. मीही विचारलं. उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

हल्लीच्या चौसष्ट बिटच्या विंडोजवर डॉसचे सोळा बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. त्यांना चालवणारा भागच त्यात ठेवलेला नाही. शिवाय जुनं फॉक्सप्रो फार वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच अडखळतं. ते मशीनचा वेग मोजू बघतं, मोजायला लागणारा वेळ जवळजवळ शून्य येतो आणि शून्यानं भागल्याची चूक दाखवून ते बंद पडतं. म्हाताऱ्या माणसाला धावत्या बसमध्ये चढायला सांगावं तसं. नव्या मशीनमध्ये जुन्याचा आभास तयार करणारे डॉसबॉक्ससारखे प्रोग्राम आहेत, ते मी पर्याय म्हणून हाताशी ठेवले. पण काकांचं वय बहात्तर. त्यांच्या बोटांना कळा पाठ आहेत. समोर गिऱ्हाईक उभं असताना ते स्क्रीनकडे न बघता खातं उघडतात.

आणि खरं सांगू? प्रोग्राम चांगला होता. १९९९ संपताना सगळं जग वाय-टू-के म्हणून घाबरलं होतं. वर्षाचे दोनच आकडे साठवल्यामुळे २००० साल मशीनला १९०० वाटेल, अशी ती भीती. काकांच्या प्रोग्राममध्ये तारखेचे रकाने पहिल्यापासून नीट तारीख म्हणूनच बांधलेले होते. फॉक्सप्रो अशी तारीख साठवताना वर्षाचे चारही आकडे साठवतं. काकांना ‘सेट सेंचुरी ऑन’ एवढी एक ओळ घालावी लागली. ते अजून हे अभिमानानं सांगतात आणि तो अभिमान रास्त आहे.

म्हणून मी ठरवलं, मशीन हलवायचं नाही. त्याला बोलायला शिकवायचं.

पहिला रविवार

पहिली अडचण म्हणजे मशीनला नेटवर्कचं भोकच नव्हतं. जुन्या सामानाच्या दुकानातून रिअलटेकचं एक नेटवर्क कार्ड मिळालं. विंडोज ९८ ला चालेल असा त्याचा ड्रायव्हर शोधून सीडीवर घातला. वायफायचा नाद केला नाही, कारण आजच्या वायफायचा पासवर्ड ज्या पद्धतीनं तपासला जातो ती पद्धत विंडोज ९८ नंतर आली. सरळ केबल लावली, दुसरं टोक दुकानाच्या राउटरमध्ये घातलं आणि मशीन सुरू केलं.

त्याला पत्ता मिळाला! राउटरनं नवा पाहुणा ओळखला, नंबर दिला. मी पिंग करून पाहिलं, उत्तर आलं. पंचवीस वर्षांचं अंतर पार करून दोन यंत्रं एकमेकांना ‘हॅलो’ म्हणाली. इंटरनेटचे मूळ नियम, म्हणजे टीसीपी/आयपी, इतके टिकाऊ आहेत. पाकिटावर पत्ता कसा लिहायचा आणि पाकीट हरवलं तर काय करायचं हे तेव्हा जे ठरलं, ते आजही चालतं.

मग मी ब्राउझर उघडला. एकही साइट उघडेना.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पत्ता लिहायची पद्धत तीच राहिली, पण पाकिटाला लावायचं कुलूप बदललं. आज जवळजवळ प्रत्येक साइट आणि ईमेलचा प्रत्येक सर्व्हर कुलूपबंद बोलतो. त्या कुलपाचं नाव टीएलएस. त्याची १.० ही आवृत्ती १९९९ ची, १.२ ही २००८ ची आणि १.३ ही २०१८ ची. २०२० च्या सुमारास मोठ्या ब्राउझरांनी १.० आणि १.१ साठी दार बंद केलं. काकांच्या मशीनवरच्या ब्राउझरला फार तर १.० येतं. म्हणजे हा दारात उभा राहून जुनी किल्ली दाखवतो आणि आतला म्हणतो, हे कुलूप आम्ही कधीच काढून टाकलं.

त्यात भर म्हणजे मशीनचं घड्याळ मागे पडलं होतं. आतला बटणासारखा सेल मेला होता. वीज गेली की तारीख पुसली जायची आणि काका रोज सकाळी ती हातानं घालायचे. कुलपाबरोबर जे प्रमाणपत्र येतं त्याला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. ज्याचं घड्याळच चुकलंय त्याला खरं प्रमाणपत्रही खोटं वाटतं.

‘सेल बदलू,’ मी म्हटलं. तीस-चाळीस रुपयांचं काम. जुना काढला, नवा घातला, मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली: हार्ड डिस्क सापडत नाही.

मंडळी, माझ्या पोटात गोळा आला. पंचवीस-तीस वर्षांची उधारी, कोणाचे किती, कोणी कधी दिले, सगळं त्या डिस्कवर. आणि मी हात लावण्याआधी तिची प्रत काढली नव्हती. रोज लोकांना बॅकअप घ्या म्हणून सांगणारी मी. दादा माझ्याकडे बघत होता. काका काहीच बोलले नाहीत. उठले, गल्ल्याखालच्या खणातून एक लाल वही काढली, १९९९ च्या पानावर बोट ठेवलं. तिथे त्यांच्या अक्षरात डिस्कची मापं लिहिलेली होती. सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. सेल काढल्यामुळे मशीन ही मापं विसरलं होतं. ती भरली आणि विंडोज ९८ चा निळा ढग पडद्यावर आला.

काका एवढंच म्हणाले, ‘पोरी, मशीन विसरतं. म्हणून वही.’

त्याच दुपारी मी डिस्क काढून अडॅप्टरनं माझ्या लॅपटॉपला जोडली आणि तिची अख्खी प्रत काढली. चार जीबीची डिस्क, आजच्या सर्वात स्वस्त पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात बसते. खुद्द हिशेबाचा डेटा तर चाळीस एमबीसुद्धा नव्हता. एका धंद्याचं आयुष्य, फोनवरच्या सात-आठ फोटोंएवढं.

दार उघडं ठेवायचं नाही

रात्री घरी गेल्यावर मला झोप येईना. दुकानाचं वायफाय गिऱ्हाइकंही वापरतात, पासवर्ड भिंतीवर लावलाय. त्याच राउटरवर मी काकांचं मशीन बसवून आले होते. विंडोज ९८ ला मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं जुलै २००६ मध्ये थांबवलं.

२०१७ चा मे महिना आठवतो का? वॉनाक्राय नावाचा व्हायरस दोन-तीन दिवसांत जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. तो फाइल शेअर करण्याच्या विंडोजच्या जुन्या पद्धतीतल्या, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून शिरत होता. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण ती न घेतलेली लाखो मशीनं जगभर होती. त्यानंतर त्याच वर्षी विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ती जुनी पद्धत सुरुवातीपासून बंद ठेवायला लागले. काकांच्या मशीनला नेमकी तीच एक पद्धत येते. म्हणजे दादाच्या लॅपटॉपशी त्याला सरळ बोलायला लावायचं तर लॅपटॉपचं बंद केलेलं दार मला पुन्हा उघडावं लागलं असतं. एकासाठी दुसऱ्याला उघड्यावर आणायचं, हे काही खरं नव्हे.

सकाळी जाऊन आधी केबल काढली. काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे दाराला कडी न लावता झोपल्यासारखं झालं की.’

‘झोपल्यासारखं नाही काका, गावाला गेल्यासारखं.’

रेल्वेनं काय केलं

दुपारी काकूंनी गिरमिट आणि मिरची भजी आणली. खाताना विषय निघाला रिझर्वेशनचा. काका सांगत होते, पूर्वी हुबळी स्टेशनवर पहाटेपासून रांगेत उभं राहावं लागायचं. आता दादा अंथरुणातून तिकीट काढतो. आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला.

रेल्वेचं कॉम्प्युटर रिझर्वेशन दिल्लीत १९८५-८६ च्या सुमाराला सुरू झालं. पुढे रेल्वेच्या क्रिस या संस्थेनं कॉन्सर्ट नावाची प्रणाली बनवली. ती १९९४ मध्ये आधी सिकंदराबादला बसली. आपली हुबळी तेव्हा त्याच दक्षिण मध्य रेल्वेत होती, नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय इथे आलं ते २००३ मध्ये. एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली आणि कुठूनही कुठलंही तिकीट मिळू लागलं. हा प्रोग्राम फोरट्रान आणि सी या भाषांत लिहिलेला, ओपनव्हीएमएस नावाच्या प्रणालीवर चालणारा. खिडकीवरच्या बाबूंसाठी तो बनवला होता. घरोघरच्या इंटरनेटचा त्यात विचार नव्हता.

ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीनं इंटरनेटवर तिकीट विकायला सुरुवात केली. त्यासाठी जुनी रिझर्वेशन प्रणाली मोडली नाही. मोडणार तरी कशी? देशभर रोज लाखो माणसं तिच्यावर प्रवास करत होती. तिच्यापुढे एक नवा थर उभा केला. तुम्ही-आम्ही बोलतो ते त्या थराशी. तो पैसे घेतो, आपल्याला ओळखतो आणि आतल्या जुन्या प्रणालीला तिच्या भाषेत विचारतो, या गाडीला अमुक तारखेला जागा आहे का? सुरुवातीला तर कागदी तिकीट छापून कुरिअरनं घरी यायचं, ई-तिकीट आलं ते २००५ मध्ये. जुनं आणि नवं असं एकेक पायरी जुळत गेलं.

म्हणजे उपाय होता दुभाषी.

आणि दुभाषी काय असतो हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? आपल्या घरांत आजी मराठीत बोलते, दारावर भाजीवाली कन्नडमध्ये बोलते आणि मध्ये उभं राहून आठ वर्षांची नात दोन्हीकडचं इकडून तिकडे करते. आजीला कन्नड शिकवण्यात कोणी वेळ घालवत नाही आणि भाजीवालीला मराठी येत नाही म्हणून भाजीही थांबत नाही. तसं पाहिलं तर यंत्रांना एकमेकांशी बोलतं करण्याचा धंदा आपल्या गावाला परका नाही. गुरुराज देशपांडे हुबळीचेच. अमेरिकेत त्यांची कॅस्केड कम्युनिकेशन्स ही कंपनी नेटवर्कचे स्विच बनवण्यासाठी गाजली. आपलं काम त्या मानानं एका केबलचं.

दुभाषी कसा बसवला

हातात मावेल असा रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर घेतला. त्यात लिनक्स घातलं. त्याला दोन तोंडं आहेत, एक केबलचं आणि एक वायफायचं. केबल फक्त काकांच्या मशीनला, वायफाय फक्त दादाच्या बाजूला. दोन्हीच्या मध्ये आपोआप काहीही जाणार नाही असं बंद केलं. काकांच्या मशीनला पत्ता दिला १०.०.०.२ आणि दुभाष्याला १०.०.०.१. बाहेर जायचा रस्ता, म्हणजे गेटवे, तो रकाना मुद्दाम रिकामा ठेवला. काकांच्या मशीनच्या दृष्टीनं जगात एकच दुसरं मशीन आहे. इंटरनेट नावाचं काही असतं हे त्याला माहीतच नाही, त्यामुळे इंटरनेटलाही ते माहीत नाही.

आता बोलायचं कोणत्या भाषेत? विंडोज ९८ मध्ये एफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची जुनी आज्ञा, आधीपासून असते. ती कुलूप न लावता बोलते, म्हणून उघड्या नेटवर्कवर ती वापरू नये. पण इथे दोन हात लांबीची केबल, दोन्ही टोकं आपल्या डोळ्यांसमोर. तिथे ती चालते. दुभाष्याकडून पुढे दादाच्या लॅपटॉपकडे मात्र आजच्या कुलपात.

काकांची खातीही सुदैवानं बंद पेटीत नव्हती. फॉक्सप्रो माहिती डीबीएफ नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. ही रचना इतकी जुनी आणि इतकी सर्वांना माहीत आहे की आजचं फुकट मिळणारं लिब्रेऑफिसही ती सरळ उघडतं. दुभाष्यावर मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. काकांकडून आलेली वसुली वाचायची, दादाच्या सॉफ्टवेअरला समजेल अशा तक्त्यात मांडायची. उलट बाजूनं दादाची दिवसभराची बिलं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये घालून ठेवायची.

ती फाइल खतावणीत चढवायचा भाग मात्र मी लिहिला नाही. काकांनी लिहिला. मी फॉक्सप्रोचं पुस्तक शोधत होते, तोवर त्यांनी चष्मा लावून वीस ओळी टाइप केल्या होत्या. बाहेरच्या फाइलमधून नोंदी जोडून घ्यायची आज्ञा त्यांना तोंडपाठ होती.

पहिल्या तीन रात्री सगळं सुरळीत चाललं. चौथ्या रात्री दादाच्या तक्त्यात अर्धीच वसुली आली. काकांची फाइल निम्मी पोचली असताना वीज गेली होती आणि दुभाष्यानं ती पूर्ण समजून पुढे पाठवली. तीच चूक, ज्यावरून एवढं रामायण झालं! यावेळी निदान ती आम्हीच पकडली. उपाय सोपा निघाला. सगळं पाठवून झालं की काकांचं मशीन शेवटी एक छोटी फाइल पाठवतं, त्यात फक्त नोंदी किती आणि बेरीज किती हे असतं. ती आली नाही किंवा बेरीज जुळली नाही तर दुभाषी काहीच पुढे पाठवत नाही, उलट दादाला कळवतो. ‘रोकड मिळवल्याशिवाय दुकान बंद करायचं नाही’ हा काकांचाच जुना नियम.

आता रात्री काका हिशेब बंद करतात आणि दोन अक्षरं टाइप करून एंटर दाबतात. अर्ध्या मिनिटात पडद्यावर इंग्रजी अक्षरांत काकांनी लिहिलेला कन्नड शब्द येतो, ‘कळिसिदे’. पाठवलं. दादाच्या लॅपटॉपवरून थकबाकीची आठवण आता सकाळीच जाते, आणि तीही रात्रीची बेरीज जुळली असेल तरच.

तुमच्या घरी असं काही असेल तर

आपल्या मंडळाच्या कितीतरी घरांत असं एखादं मशीन असेल. छापखान्याचं, दवाखान्याचं, गिरणीचं, किंवा आजोबांचं लिखाण असलेलं, माळ्यावर कापडात गुंडाळलेलं. तुम्ही तरुण मंडळी त्याला हात लावणार असाल तर माझ्या चुकांवरून शिका.

पहिलं, काहीही करायच्या आधी डिस्कची पूर्ण प्रत काढा. सेल बदलायच्याही आधी. आणि प्रत उघडून पाहा, नुसती काढून समाधान मानू नका.

दुसरं, सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. सगळ्यांकडे काकांची लाल वही नसते.

तिसरं, जुनं मशीन घरच्या राउटरला सरळ जोडू नका. पिंगला उत्तर आलं म्हणजे काम झालं असं नाही. मध्ये नवं, छोटं मशीन ठेवा आणि बाहेरच्या जगाशी त्यालाच बोलू द्या.

चौथं, माहिती कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये आहे ते बघा. डीबीएफ, साधा मजकूर असं काही असेल तर तुम्ही नशीबवान. आपल्या मराठी मजकुराची एक वेगळी गोम आहे. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची स्वतःची सांकेतिक भाषा होती. फॉन्ट नसेल तर ‘आई’च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. म्हणून फाइलबरोबर तो फॉन्टही उचला. तो हाती असला की मजकूर युनिकोडमध्ये आणणं सोपं जातं.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यानं ते बांधलं तो माणूस अजून बोलतोय तोवर त्याच्याजवळ बसा. काकांची वीस ओळींची आज्ञावली मला लिहायला चार दिवस लागले असते. आता दर रविवारी दादा तासभर त्यांच्याजवळ बसतो आणि कोणता तक्ता कशाचा हे लिहून घेतो. नव्या लाल वहीत. काका म्हणतात, हे मशीन आणखी दोन वर्षं चालेल. मी म्हणते, चालू दे. पण डॉसबॉक्समध्ये त्याची जुळी बहीण तयार आहे. ज्या दिवशी डिस्क खरंच बोलायची थांबेल, त्या दिवशी दुकान थांबायला नको.

राहिले कुंदगोळचे गृहस्थ. काकांनी त्यांना फोन केला नाही. ‘ही गोष्ट फोनवर करायची नाही,’ म्हणाले. दादाला घेऊन एका सकाळी बसनं गेले, सोबत धारवाडचा पेढा. दादानं स्वतः माफी मागितली, कन्नडमध्ये. त्यांनी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. येताना त्यांच्या मुलाला हव्या असलेल्या पंपाचं माप एका चिठ्ठीवर आलं. ती नोंद कोणत्या मशीनमध्ये आधी गेली हे मी विचारलं नाही. सकाळी ती दोन्हीकडे होती.

तुमच्या घरच्या जुन्या मशीनची गोष्ट असेल तर जरूर लिहून पाठवा. भेटू पुढच्या अंकात.